किलोताई

नवी नवरी मांडवात आली की बायका तिचा शालू बघतात, पुरुष मानपानाचा अंदाज बांधतात आणि आमच्या अंगणवाडीच्या ताई तिचं वजन करतात. काट्याशिवाय, नुसत्या नजरेनं. मान जरा तिरकी करायची, डोळे बारीक करायचे आणि शेजारणीच्या कानाला लागायचं, "त्रेचाळीस. अंगावरचं सोनं धरून." वर्षभरात तीच नवरी दिवस राहिले म्हणून नाव नोंदवायला अंगणवाडीत येते, काट्यावर उभी राहते आणि काटा बेचाळीस दाखवतो. "सोनं काढून आलीस वाटतं," म्हणत ताई आकडा लिहून टाकतात.

म्हणून गावानं त्यांना किलोताई केलं. तोंडावर ताई, माघारी किलोताई. हे त्यांना ठाऊक आहे आणि त्याचं त्यांना काही वाटत नाही. राग येतो तो फक्त त्यांचं स्वतःचं वजन कुणी विचारलं तर. ताई चांगल्या भरल्या अंगाच्या आहेत. दर महिन्याला सगळं गाव काट्यावर चढतं, ताई चढलेल्या मात्र कुणी पाहिल्या नाहीत. मदतनीस बाईंचं म्हणणं असं, की एकदा सगळे गेल्यावर दार लोटून त्या चढल्या होत्या, आणि दुसऱ्याच दिवशी काटा बिघडल्याची तक्रार वर गेली.

गाव सिन्नरच्या पूर्वेला, दुष्काळी पट्ट्यातलं. बाजरी, कांदा आणि टँकरची वाट, ही इथली मुख्य पिकं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिनं देशाला ज्या लाखो सेविका दिल्या त्यांतल्या आमच्या ताई एक. लहान मुलांना गाणी शिकवणं, खिचडी शिजवून घेणं, रजिस्टरं भरणं, आता मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणं, निवडणूक आली की मतदारयाद्या, साथ आली की घरोघर सर्वेक्षण, अशी पन्नास कामं त्यांच्या गळ्यात आहेत. पण त्यांचा जीव रमतो तो गरोदर बायकांच्या वजनात. पर्समध्ये तीन वस्तू कायम : मापाची टेप, लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी आणि एक लिंबू. लिंबू कशाला, ते पुढं येईल.

मोठ्या माणसांचा काटा ही गावातली सर्वांत लोकप्रिय सरकारी वस्तू आहे. त्यावर गरोदर बायकांखेरीज सगळ्यांना उभं राहायचं असतं. म्हाताऱ्यांना औत्सुक्य असतं, भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना गरज असते. एकदा एक तात्या बोकड घेऊन आले.

"ताई, याला जरा उभा करू का? परवा गिऱ्हाईक येऊ ऱ्हायलं."

"करा की. पण आधी सूनबाईला घेऊन या."

"तिला कशाला? तिला काय विकायचीये का?"

"बोकड किती महिन्यांचा?"

"आठ."

"वजन किती भरेल?"

"बावीस तर कुठंच गेलं नाही. मागच्या महिन्यात एकोणीस व्हतं. मका चालू केला ना त्याला."

"आणि सुनेला कितवा महिना?"

तात्या पत्र्याकडं बघायला लागले. "पाचवा… का सहावा? बायकांचं बायकांना माहीत."

"बोकडाला मका चालू केला. तिला काय चालू केलं?"

सून आली. डोक्यावर पदर, पायांत नवऱ्याच्या चपला. चपला काढायला लावून ताईंनी तिला उभं केलं. साडेचव्वेचाळीस. कार्डावर तिसऱ्या महिन्यातलं वजन चव्वेचाळीस. मग बोकड चढला, बावीस किलो दोनशे. ताईंनी दोन्ही आकडे ओट्यावर बसलेल्या मंडळींना ऐकू जातील एवढ्या आवाजात वाचून दाखवले. बोकडानं एका महिन्यात तीन किलो घेतले होते, सुनेनं अडीच महिन्यांत अर्धा. चौथ्या महिन्यापासून बाईचं वजन महिन्याला साधारण दीड-दोन किलोनं वाढायला हवं, हे गावातल्या पुरुषांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तेही बोकडाच्या निमित्तानं.

ताईंचं एक ठाम मत आहे, आणि ते कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात छापलेलं नाही. गरोदर बाईला आहाराचं शिक्षण देऊन काही होत नाही, असं त्या म्हणतात. वर्षानुवर्षं तिलाच समोर बसवायचं, तिलाच तक्ता दाखवायचा, तिलाच पालेभाज्या, कडधान्यं, दूध, फळं म्हणून घोकवायचं. तिला ते पाठ असतं. सातवी-आठवीपासून पाठ असतं. भाकरी तीच थापते, पण टोपल्यातली भाकरी मोजते सासू. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि मग पातेल्याच्या बुडाला राहिलं असेल ते दोन जिवांना. म्हणून ताई घरी गेल्या की "आज काय खाल्लंस?" असं विचारतच नाहीत. त्याला "सगळं खाल्लं" हे ठरलेलं उत्तर असतं. त्या विचारतात, "काल रात्री शेवटी कोण जेवलं?" या प्रश्नाला खोटं उत्तर तयार नसतं.

मग त्या सासूपुढं डाव टाकतात. "अक्का, ही लाल गोळी रात्री बरोबर आठला द्यायची. जेवणावर. वेळ चुकली की मळमळतं, गोळी वाया जाते, सरकारी माल आहे." सरकारी माल वाया जायला नको म्हणून अक्का साडेसातला सुनेचं ताट वाढतात. सून पहिल्या पंगतीला जेवते. जी सुधारणा भाषणांनी झाली नसती, ती गोळीच्या वेळेनं होते. गोळी आठला घेतली काय न् नऊला घेतली काय, फार बिघडत नाही, हे ताईंना पक्कं ठाऊक आहे.

सासूचा वैरभाव असतो असं मुळीच नाही. तिच्याकडं शास्त्र असतं. फार खाल्लं की बाळ मोठं होतं, मोठं झालं की अडतं, अडलं की शिझर. म्हणून पोटाला चिमटा घे, बाळ सुपारीएवढं होऊ दे, सुटका सोपी. दुसरं शास्त्र जागेचं. पोटात जागा ती केवढी, भाकरीनं भरली तर बाळ कुठं बसणार? या दुसऱ्या शास्त्रावर ताईंचं उत्तर एका वाक्याचं आहे : "अक्का, पिशव्या दोन आहेत. जेवणाची वेगळी, बाळाची वेगळी." पहिल्याला मात्र वेळ लागतो. अडीच किलोच्या आत जन्मलेलं बाळ सुटायला सोपं असेल, पण पुढं जगवायला अवघड, हे सांगावं लागतं. "आम्ही नाही का अर्ध्या भाकरीवर पाच काढली?" असं अक्का म्हणतात. पाचांतली जगली किती, हे ताई चारचौघांत कधी विचारत नाहीत. चुलीपाशी दोघीच असताना विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता भाजी निवडायला घेतात.

बोकडवाल्या तात्यांच्या घरी सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, झाकलेल्या दोन वाट्या. एकीत पेढा, दुसरीत बर्फी, आणि सुनेनं कुठली उघडली यावरून मुलगा की मुलगी याच्या पैजा. "काही निघालं तरी साखरच," ताई पुटपुटल्या. "एका वाटीत शेंगदाण्याचा लाडू ठेवला असता तर दोघांनाही लागू पडला असता." मग त्यांनी सासूला, म्हणजे अक्कांना समोर बसवलं, पदर पसरायला लावला आणि मदतनीस बाईंना कांदाचाळीतून कांदे आणायला पिटाळलं. हाताशी किराणा दुकानातला तराजू होताच.

"हे तीन किलो. तुमचा नातू नाहीतर नात." कांदे पदरात पडले. अक्का हसल्या.

"ही वार, पाऊण किलो. हे बाळाभोवतीचं पाणी, पाऊण किलो. ही पिशवी, वाढून वाढून किलोभर झालेली." अक्कांनी पदर दोन्ही हातांनी धरला.

"छातीचं अर्धा किलो. अंगातलं रक्त वाढतं, त्याचं दीड. अंगात पाणी धरतं, त्याचं दीड. झाले नऊ." अक्कांचं हसू मावळलं होतं.

"आणि हे तीन किलो चरबीचे. बाळंत झाल्यावर पाजायचं कशाच्या जोरावर? ही त्याची शिदोरी. एकूण बारा. उठा आता, आणि असंच विहिरीवर जाऊन हंडा घेऊन या."

अक्का अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. अक्कांनी मात्र व्यवहाराचा प्रश्न विचारला, "यात नवऱ्याचं काय?"

"त्याचं वेगळं आहे. दिवस न जाताच वाढू ऱ्हायलंय."

त्या हंगामात कांद्याला भाव नव्हता, म्हणून एवढं शिक्षण परवडलं. पण तेव्हापासून अक्का बाकीच्या सासवांना बारा किलोंचा हिशोब तोंडपाठ सांगतात. वारेचं पाऊण किलो एखादीनं विसरलं तर दुरुस्त करतात.

एवढ्यावर भागलं असतं तर ताईंचं आयुष्य सोपं झालं असतं. पण पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. त्यामुळं गावात सासरच्या उपाशी सुना असतात, तशा पुण्याहून माहेरी आलेल्या तुडुंब लेकीही असतात. अशीच एक लेक सातव्या महिन्यात आली. हिंजवडीला कामाला, दिवसभर खुर्चीत, मूळचं वजनही बऱ्यापैकी. सात महिन्यांत चौदा किलो वाढलेली. आणि आईनं आल्या दिवसापासून साजूक तुपातला शिरा, सुकामेव्याचे लाडू, केशराचं दूध असा मारा सुरू केलेला. कारण एकच, ती दोन जिवांची आहे.

ताई ओसरीवर टेकल्या. "मामी, दुसरा जीव आज केवढा आहे माहितीये? किलो-सव्वा किलोचा. सव्वा किलोचा माणूस शिरा खाऊन खाऊन खाणार किती?"

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली सांगितलेला आकडा आहे : गरोदरपणात रोज जास्तीचे ३५० उष्मांक. ताईंच्या भाषेत एक बाजरीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि पेलाभर दूध. दुसऱ्या जिवाचा वाटा एवढाच, आणि तोही चौथ्या महिन्यापासून. ते ऐकून मामींना अपमान झाल्यासारखं वाटलं. "एवढंच? लोक म्हणतील माहेरी खायलासुद्धा घातलं नाही."

लेकीकडं मोबाइलवर सगळं होतं. तिनं अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे २००९ सालचे आकडे वाचून दाखवले. मुळात बारीक असेल तिनं नऊ महिन्यांत १२.५ ते १८ किलो वाढावं, बेताच्या वजनाची असेल तिनं ११.५ ते १६, जास्त वजनाची असेल तिनं ७ ते ११.५ आणि लठ्ठ असेल तिनं ५ ते ९. ताईंना प्रशिक्षणात सरसकट दहा-बारा किलो शिकवलेले. त्यांनी ते आकडे दोनदा वाचायला लावले आणि खूश झाल्या. "हेच तर मी म्हणते. वाळकीनं जास्त घ्यायचं, भरलेलीनं कमी. हे कळायला अमेरिकेला कशाला जायला हवं?" मग लेकीकडं वळून, "आणि हे तुला ठाऊक होतं, तर चौदा किलो कसे झाले?"

लेकीनं आईकडं बघितलं. इथं आल्यापासून तरी वाढणारा हात दुसऱ्याचाच होता.

घाबरून लेक म्हणाली, "मग मी उद्यापासून डाएट करते." त्यावर ताई खरंच रागावल्या. पोटात बाळ असताना वजन उतरवायचं नसतं, वाढीचा वेग आवरायचा असतो. शिरा, लाडू, केशर-दूध थांबव. भाकरी, उसळ, भाजी, ताक चालू ठेव. सकाळ-संध्याकाळ मळ्यापर्यंत चालून ये. केशरानं बाळ गोरं होत नाही, केशरवाला तेवढा श्रीमंत होतो. शिवाय त्यांनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडलं. तिथं पाण्यात विरघळवलेलं ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्तातली साखर बघतात. १४० किंवा वर गेली तर गरोदरपणातला मधुमेह. तिची थोडी वर निघाली आणि दोन आठवड्यांत जेवणावरच खाली आली. मामी आता शिरा करतात, पण जावयाला.

उपास हे ताईंचं तिसरं रणांगण. संकष्टी, सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार. देवाशी भांडण नको, म्हणून त्यांनी तडजोड काढली आहे : उपास सासूनं धरायचा, पुण्य सुनेला. "देवाला मी सांगते," असं त्या इतक्या विश्वासानं म्हणतात, की पोषण ट्रॅकरमध्ये देवाचंही खातं असावं असं वाटतं. माळकरी घरात अंड्याचं नाव काढायचं नसतं. तिथं त्या हुलग्याच्या शेंगोळ्यांवर, मटकीवर आणि गूळ-शेंगदाण्यांवर भर देतात.

आता लिंबू. लोहाच्या लाल गोळ्या रोज एक, निदान १८० दिवस. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. पण गोळीनं शी काळी होते, त्यावरून बाळही काळं होणार असा निष्कर्ष निघतो आणि गोळ्या उकिरड्यावर जातात. ज्या गिळल्या जातात, त्या चहाबरोबर. चहा लोह अंगाला लागू देत नाही, लिंबू लागायला मदत करतं. म्हणून ताई समोर उभ्या राहतात, पर्समधलं लिंबू पिळतात आणि गोळी गिळून झाल्यावर तोंड उघडून दाखवायला लावतात. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घ्यायची नाही, तिची वेळ वेगळी. चहा पुढं ढकलायचा. "आणि बाळ कोणासारखं होईल म्हणता? बापाकडं बघा. गोळ्या न खाताच तो केवढा काळा आहे."

सरकारलाही त्या सोडत नाहीत. घरी न्यायच्या आहाराची पाकिटं वाटायची त्यांचीच जबाबदारी. पण ती चवीला अशी, की बरीचशी म्हशीच्या आंबोणात जातात. एका घरी त्या म्हशीसमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "हिचा कितवा महिना?" सप्टेंबरात पोषण माह येतो. मग पाककृती स्पर्धा होते, रांगोळीत भाज्या काढल्या जातात, शेवग्याच्या पाल्याच्या वड्यांना पहिला नंबर मिळतो. वड्या पाहुणे खातात, गरोदर बायका टाळ्या वाजवतात. ताई त्या दिवशी चार वड्या पदराआड लपवून अक्कांच्या सुनेकडं पोचवतात. फोटोत ताई दिसत नाहीत, त्याचं कारण हे.

आकडा वर गेला की ताई खूश होतात, हा गावाचा समज मात्र एकदा मोडला. आठवा महिना चालू असलेल्या एकीचं वजन आठवड्यात अडीच किलोनं वाढलं. सासू पेढेच आणायला निघाली. ताईंनी सुनेचा पाय पुढं घेतला, नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला तो तसाच राहिला. डोकं दुखतं का, डोळ्यांपुढं अंधारी येते का, विचारलं. सून हो म्हणाली. त्या दिवशी ताईंनी एकही विनोद केला नाही. १०२ ला फोन लावला, गाडी येईपर्यंत फाट्यावर उभ्या राहिल्या आणि रक्तदाब मोजून, दवाखान्यात दाखल करूनच परतल्या. ते वजन अन्नाचं नव्हतं, सुजेचं होतं. आई आणि बाळ दोघंही आज गावात आहेत. बाळाच्या वजनाचा हिशोब अर्थातच ताईंच्या वहीत आहे.

अशी बाई प्रत्येक गावात असते, नावं वेगळी असतात. सरकार तिला मानधन देतं आणि तिच्याकडून तक्ते मागतं. तक्त्यात न बसणारं काम ती संध्याकाळी लोकांच्या चुलीपाशी बसून करते. बाईचं वजन घराच्या वाढण्यावर अवलंबून आहे आणि शिकवायचं असेल तर वाढणाऱ्या हाताला शिकवावं लागतं, एवढंच तिला कळलेलं आहे. पुष्कळ परिसंवादांना ते अजून कळलेलं नाही.

तुमच्या घरी कुणी दोन जिवांची असेल, तर तिला देण्यासारखे सल्ले तुमच्याकडं पुष्कळ असतील. ते राहू द्या. महिन्यातून एकदा तिचं वजन लिहून ठेवा, आणि रात्री तिचं ताट पहिल्या पंगतीला मांडा. एवढं जमणार नसेल तर "दोन जिवांची आहेस, जप हो" असं तिला उठता-बसता ऐकवू नका.